ज्वारीच्या जिल्ह्यात भाकरी मागे, पुडा पुढे: गावाकडचं वजन का वाढतंय?

वजन वाढणं, शुगर, बीपी हे सगळं शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचं दुखणं, असं आपण आजवर समजत आलो. शेतात राबणाऱ्या माणसाला पोट कुठून सुटणार? पण आता मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, करमाळा, कुठल्याही तालुक्यातल्या गावात जाऊन पारावर बसा. दहा माणसांत दोघं-तिघं शुगरच्या गोळीविषयी बोलताना सापडतील, आणि त्यातला एखादा चाळिशीच्या आतला असेल.

हे नुसतं बोलणं नाही, सरकारी आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात २०१५-१६ मध्ये १५ टक्के महिलांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. २०१९-२१ मध्ये हा आकडा १९.७ टक्क्यांवर गेला. गावातल्या पुरुषांचा आकडाही १९.३ टक्के झाला, म्हणजे दर पाच माणसांत जवळपास एक. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामीण भागात ८.९ टक्के लोकांना मधुमेह आढळला. शहरात हे प्रमाण १६.४ टक्के आहे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक गावात आणि शहरात जवळपास सारखेच निघाले, दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या वर. आज गाव शहराच्या मागे दिसतंय, पण उद्याचा मधुमेह गावातही तयार होऊन बसलाय.

पैसा कुठे जातोय ते बघा

आपण जेवण वाढवलं म्हणून वजन वाढलं का? ताटात भाकऱ्या पूर्वीपेक्षा जास्त आहेत का? उलट कमीच झाल्यात. वाढलंय ते दोन जेवणांच्या मधलं खाणं.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातले ९.८४ टक्के शीतपेये, चहा-नाश्ता, फरसाण-बिस्किटे आणि बाहेरचं तयार खाणं यावर गेले. धान्यावरचा खर्च पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणशी साधारण ४०० रुपये, पाच माणसांच्या घरात महिन्याला दोन हजार, या वरच्या खाण्यावर जातात आणि धान्यावर त्याच्या निम्मे. धान्याचा खर्च कमी दिसतो त्यात रेशनचाही वाटा आहे, हे खरं. पण वाचलेला पैसा डाळ, अंडी, भाजी, फळं यांच्याकडे पूर्ण गेला नाही, त्यातला बराचसा पुड्यांकडे वळला.

सरकारचं धोरणही इथे दोन तोंडांनी बोलतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि खाण्यातलं तेल १० टक्के कमी करा, असं आवाहन केलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यात बिस्किटे, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, चॉकलेट यांच्यावरचा कर ५ टक्क्यांवर आला. बिस्किटांवर तो आधी १८ टक्के होता. साखरेची शीतपेये मात्र ४० टक्क्यांत गेली, ते बरंच झालं. पण गावात बाटलीपेक्षा पुडा जास्त खपतो, आणि पुडाच स्वस्त झाला.

भाकरी का मागे पडली?

सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचं कोठार. मालदांडी ही इथली जात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी इथल्या कितीतरी घरांत आता एकदाच भाकरी होते, नाहीतर पोरांसाठी चपाती आणि म्हाताऱ्यांसाठी भाकरी, असा दुहेरी स्वयंपाक चालतो.

याला कारणं आहेत. उजनीचं पाणी आलं तिथे ऊस आला. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. बरेच शेतकरी आता कडब्यासाठीच ज्वारी टिकवून आहेत. १ जानेवारी २०२३ पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, त्यात प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. फुकट आलेला तांदूळ सोडून कोण विकतची ज्वारी दळून आणणार? आणि चुलीपुढे बसून दहा-बारा भाकऱ्या थापायच्या त्या घरातल्या बाईनेच. ती दिवसभर शेतात राबून आली की कुकर लावते, तर तिला दोष देण्यात अर्थ नाही.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मोबाईलवर सध्या 'ज्वारी खा, वजन घटवा' असे व्हिडिओ फिरतायत. ज्वारीत जादू नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच असतात. भाकरीचा फायदा वेगळा आहे. ती अख्ख्या धान्याची असते, तिला तेल लागत नाही, चावून खावी लागते म्हणून घास सावकाश जातो. आणि तिच्याबरोबर ताटात पिठलं, मेथी, हुलग्याचं माडगं, कांदा, ताक येतं. भाकरी गेली की हे सगळं ताटातून जातं. तिच्या जागी पांढऱ्या भाताचा ढीग आणि वर पातळ आमटी आली, तर दोन तासांत परत भूक लागते, आणि मग हात पुड्याकडे जातो.

महिन्याच्या बाजाराचा हिशोब

आता आपल्याच घराचा हिशोब मांडू. कागद-पेन घ्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात साधारण काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास तेल-तूप आणि साखर २५ ग्रॅमपेक्षा कमी, असं प्रमाण दिलंय. मीठ पाच ग्रॅमच्या आत.

पाच माणसांच्या घराला याचा अर्थ काय? महिन्याला तेल-तूप मिळून चार किलो, पिशव्यांच्या हिशोबात साधारण साडेचार लिटर. साखर आणि गूळ मिळून पावणेचार किलो. तेलाचा १५ किलोचा डबा असेल, तर तो साडेतीन महिन्यांच्या पुढे पुरायला हवा. तुमच्या घरात किती दिवसांत संपतो? दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल पोटात जातंय, जवळपास दुप्पट. भाजीतला शेंगदाण्याचा कूट आणि शेंगा चटणीतलं तेल यात धरलेलंच नाही.

साखरेचंही तसंच. दोन चमचे साखरेचा एक चहा म्हणजे साधारण दहा ग्रॅम. पाहुणा आला, टपरीवर कुणी भेटलं, शेतात डबा आला, असं करत पाच चहा झाले की ५० ग्रॅम साखर चहातच गेली. त्याच्याबरोबर बिस्किटं असतील तर तीही धरा. ग्लुकोजच्या पुड्यात चौथा हिस्सा साखर असते. पुड्याच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. कायद्याने जो पदार्थ सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं लिहावं लागतं. मैदा, साखर, पाम तेल अशी पहिली तीन नावं दिसली की समजा, पौष्टिक असं समोर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असू दे.

उपवास, आणि बाई मागे जेवते ती सवय

आपल्या जिल्ह्यात एकादशी घराघरात. पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्यात कूट, तूप, बटाटा घातला की उपवासाचं एक ताट रोजच्या जेवणापेक्षा जड होतं. उपवास करायचा तर वरईचा भात थोडा, ताक, रताळं, काकडी, फळ यावर भागवता येतं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास धरू नये, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

दुसरी गोष्ट बायकांची. राज्यात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच वेळी २३.४ टक्के महिलांचं वजन जास्त आहे. हे दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत खरं असू शकतं. सगळ्यांना वाढून ती शेवटी जेवते. तोवर भाजी-आमटी संपलेली असते, उरलेला भात आणि शिळी चपाती तिच्या वाट्याला. पोट भरतं, अंग सुटतं, पण लोह आणि प्रथिनं मिळत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावं आणि भाजी आधी बाजूला काढून ठेवावी. या एवढ्या बदलाला खर्च काहीच नाही.

शाळेच्या गेटपासून ५० मीटर

दहाची नोट घेऊन पोरं शाळेला निघतात आणि गेटसमोरच्या दुकानात थांबतात. हे सगळ्या गावांत दिसतं. पण फार कमी लोकांना माहीत असलेला एक नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. तंबाखूचा नियम आपण ऐकून आहोत, हा कुणी वाचूनच दाखवला नाही.

यात दुकानदाराच्या पोटावर पाय द्यायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीने त्याला बोलावून सांगावं की पेरू, केळी, उकडलेले चणे, शेंगदाणे, चिक्की ठेव, आम्ही पोरांना तेच घ्यायला लावू. ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक इशारा छापण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर मुदतीत शिफारशी देण्याचे आदेश दिले होते. तो इशारा छापून येईल तेव्हा येईल, ५० मीटरचा नियम आजही आपल्या हातात आहे.

मग करायचं काय?

आधी माप घ्या. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप गावात असतेच. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटीमीटर आणि बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर असेल, तर भारतीय माणसासाठी तो धोक्याचा इशारा मानतात. उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर मोफत तपासतात. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा 'मला काय धाड भरलीय' म्हणून परत पाठवू नका.

दुसरं, सगळं एकदम सोडायला जाऊ नका, टिकत नाही. चहातली साखर पहिल्या पंधरवड्यात दोन चमच्यांवरून दीड, मग एक. चहाबरोबरचा पुडा बंद, त्या जागी मूठभर फुटाणे. तळण आठवड्यातून एकदाच, आणि कढईतलं तेल परत परत तापवायचं नाही. ताटात निम्मी जागा भाजी, उसळ, कोशिंबिरीला. मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, घोळ, मटकी, हुलगे हे आपल्याच रानातलं आहे. रात्रीचं जेवण मालिका संपायची वाट न बघता साडेसात-आठला, आणि नंतर शतपावली. ट्रॅक्टर आणि मोटारसायकलमुळे अंगमेहनत कमी झाली, खाणं मात्र नांगरटीच्या दिवसांचं राहिलं. जवळच्या रानात तरी चालत जा.

ऐंशी किलोच्या माणसाने चार किलो वजन कमी केलं तरी शुगर-बीपीवर चांगला फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. महिन्यात दहा किलो घटवतो म्हणून पावडरचे डबे विकणारे आता तालुक्याच्या गावांत फिरतायत. हजारो रुपये घालवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नका.

घरातल्या कर्त्या माणसाची शुगर वाढली की गोळ्या, तपासण्या आणि पुढे डोळा-किडनीचं दुखणं, हा खर्च उसाच्या बिलातून नाहीतर उसनवारीतून भागवावा लागतो. त्यापेक्षा येत्या बाजाराच्या दिवशी किराण्याची यादी लिहिताना तेलापुढे चार किलो आणि साखरेपुढे पावणेचार किलो लिहा. फरसाण-बिस्किटांच्या जागी मटकी आणि अंडी लिहा. महिनाभर तेवढ्यातच भागवून बघा.