वेळापत्रक खरें करा

आगगाडीच्या उशिराविषयीं तक्रार करणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकास गाडीचें प्रेमच नसतें. तो मोटारीनें फिरतो आणि गाडीस नांवें ठेवतो. त्याच्या बोलण्याकडे रेल्वे खात्यानें दुर्लक्ष केलें तरी फारसें बिघडत नाहीं. दुसऱ्यास गाडी मनापासून आवडते. गाड्यांचे क्रमांक व वेळा त्यास तोंडपाठ असतात, आणि दारावरून खासगी बस जात असली तरी तो स्टेशनाचीच वाट धरतो. हा दुसरा मनुष्य जेव्हां कंटाळून रेल्वेकडे पाठ फिरवूं लागतो, तेव्हां खात्यानें खडबडून जागें झालें पाहिजे. माहूर, किनवट, नांदेड या टापूंत असे पाठ फिरविणारे लोक आतां ठिकठिकाणीं भेटूं लागले आहेत; म्हणूनच या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

माहुरास स्वतःचें रेल्वे स्टेशन नाहीं. रेणुकामातेच्या व दत्तशिखराच्या दर्शनास येणारा भाविक, तसाच माहूरचा व्यापारी, विद्यार्थी किंवा रोगी, या सर्वांस मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील किनवट हेंच सोयीचें स्टेशन. तेथून पुढें डोंगराळ मुलखांतून सुमारें ५० किलोमीटरचा रस्ता. ज्याचें घर स्टेशनालगत आहे त्यास गाडीचा दोन तासांचा उशीर म्हणजे दोन तासच. पण ज्यास पुढें एस. टी. गांठावयाची आहे, त्याचा तोच उशीर रात्रभराचा होतो. शेवटची बस निघून गेली कीं बायकामुलांसह फलाटावर रात्र काढावी किंवा जीपवाला मागेल तें भाडें द्यावें, याखेरीज तिसरी वाट उरत नाहीं. मोंढ्यांतील सौदा सकाळीं व्हावयाचा तो हातचा जातो. दवाखान्यांतील पाळी चुकते. मुलाखतीस निघालेला तरुण मुलाखत संपल्यावर पोहोंचतो. हा तोटा कोणाच्याही खतावणींत मांडला जात नाहीं; परंतु तो होतो, आणि बहुधा गरिबाच्याच खिशांतून होतो.

रेल्वेनें मराठवाड्यासाठीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांत मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग झाला आणि नांदेड जगाशीं जोडलें गेलें. पुढें मीटरगेजचें ब्रॉडगेज झालें. २००३ सालीं नांदेड विभाग स्वतंत्र झाला. परभणी–मुदखेड हा ८१ किलोमीटरचा भाग दुहेरी झाला. आणि २०२५ च्या ऑगस्टांत मुंबईची वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत येऊं लागली. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु नवी गाडी सुरू करणें ही एक गोष्ट, आणि चालू असलेली गाडी दिलेल्या वेळीं पोहोंचविणें ही दुसरी. पहिलीस हारतुरे मिळतात. दुसरीस मिळत नाहींत. म्हणूनच पहिलीकडे सर्वांचें लक्ष आणि दुसरीकडे कोणाचेंच नाहीं.

वास्तविक या देशास घड्याळ शिकविलें तें रेल्वेनेंच. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, त्या काळीं प्रत्येक शहराची वेळ निराळी होती. देशभर एकच वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबई शहरानें तर आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. पण त्यापूर्वींच रेल्वेनें आपल्या कारभारासाठीं मद्रासची एकच वेळ धरली होती, आणि खेड्यांतला शेतकरी गाडीच्या शिटीवरून वेळ ओळखूं लागला होता. ज्या संस्थेनें लोकांस मिनिटाची किंमत शिकविली, तिनेंच ती विसरावी, यापरतें दुर्दैव कोणतें?

उशिराचीं कारणें आम्हांस ठाऊक नाहींत असें नाहीं. मनमाड ते परभणी आणि मुदखेड ते आदिलाबाद या मार्गांवर येणाऱ्या व जाणाऱ्या गाड्यांस बहुतेक ठिकाणीं एकच रूळ. समोरून गाडी येत असली कीं दुसरीस एखाद्या स्टेशनांत बाजूस उभें राहावें लागतें. एक गाडी अर्धा तास चुकली कीं तिच्यासाठीं थांबलेली दुसरी चुकते, दुसरीसाठीं तिसरी; आणि या रांगेंत मानाच्या गाडीस आधीं वाट व पॅसेंजर गाडीस सर्वांत शेवटीं. छत्रपति संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळानें ३१ जुलै २०२५ रोजीं मंजुरी दिली, हें चांगलेंच झालें. पण मंजुरी म्हणजे रूळ नव्हे. दुसरा रूळ पडेपर्यंत उतारूंनीं काय करावें, हा खरा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, जोंवर गाडी वेळेवर आणतां येत नाहीं, तोंवर निदान खरें बोलावें. सांप्रत वेळापत्रकांत शेवटच्या एकदोन स्टेशनांमध्यें जादा मिनिटें घातलेलीं असतात. रुळांच्या दुरुस्तीमुळें गेलेला वेळ भरून निघावा, हा त्यामागील हेतु मुळांत वाजवी आहे. परंतु गाडीचा वक्तशीरपणा शेवटच्या स्टेशनावर मोजला गेला, म्हणजे परिणाम असा होतो कीं, मधल्या स्टेशनावर तास-सव्वा तास उशिरा आलेली गाडी अखेरीस कागदावर वेळेवर ठरूं शकते. किनवटच्या फलाटावर जो मनुष्य ताटकळला, त्याचा तास हिशेबांत येतच नाहीं. माहूरच्या उतारूचें गाऱ्हाणें एका वाक्यांत सांगावयाचें तर तें हेंच होय.

भरपाईची तऱ्हा तर याहून विचित्र आहे. गाडीस तीन तासांहून अधिक उशीर झाला तर पूर्ण पैसे परत मिळतात. पण ते प्रवास रद्द करणारास! जो निमूटपणें थांबून त्याच गाडीनें जातो त्यास कांहीं नाहीं. युरोपांत तासभराच्या उशिरास भाड्याचा चौथा हिस्सा व दोन तासांच्या उशिरास निम्मा हिस्सा परत देण्याचा नियम आहे. जर्मनीसारख्या श्रीमंत देशांत २०२४ सालीं लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकीं ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. तेव्हां उशीर तेथेंही होतो, पण त्याची किंमत उतारू एकटा देत नाहीं. आमच्याकडेही २०१९ सालीं लखनौ–दिल्ली तेजस गाडी सुरू झाली तेव्हां एका तासावरील उशिरास १०० व दोन तासांवरील उशिरास २५० रुपये देण्याचें ठरलें होतें. म्हणजे ही गोष्ट अशक्य नव्हे. ६ सप्टेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही स्पष्ट सांगितलें कीं, उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हें रेल्वेनें सिद्ध केलें नाहीं तर तिनें भरपाई दिली पाहिजे. पण प्रत्येक उतारूनें न्यायालयाची पायरी चढावी काय?

रेल्वेच्या अंगीं सामर्थ्य नाहीं असें कोणी म्हणूं नये. एप्रिल २०१६ मध्यें लातूर तहानेनें व्याकूळ झालें असतां मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातुरास आली, आणि पुढें तिच्या खेपा चालू राहिल्या. ही गाडी पोहोंचलीच पाहिजे असें सर्वांनीं मनांत आणलें, म्हणून ती पोहोंचली. उणीव रुळांची आहे तशी मनाचीही आहे.

तेव्हां आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक गाडीचा मधल्या स्टेशनांवरील उशीर दरमहा जाहीर करावा व स्टेशनावर मराठींत लावावा. उशीर समजतांच तो एकदम खरा सांगावा. अर्ध्या अर्ध्या तासाचे हप्ते पाडूं नयेत. यात्रेच्या दिवसांत तरी किनवटची शेवटची एस. टी. गाडी येईपर्यंत थांबावी, एवढा मेळ रेल्वे व महामंडळ यांनीं घालावा. आणि दोन तासांवरील उशिराची भरपाई न मागतां मिळावी.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांसही. पांचची सभा सहास सुरू करणारे आणि लग्नाचा मुहूर्त टाळून पंगतीस बसणारे आपणच. उशीर हा आपला धर्म मानणारास उशिराविरुद्ध बोलण्याचा अधिकार कमी पडतो. व्यापारी मंडळांनीं आपलें घड्याळ आधीं सुधारावें, आणि मग प्रत्येक चुकलेल्या तासाची लेखी नोंद करून ती खात्याकडे व आपल्या खासदाराकडे धाडावी. फलाटावरची कुरकुर गाडीबरोबर निघून जाते. लेखी हिशेब मात्र उत्तर मागत मागें उभा राहतो.