व्यसनाचा तास कापू नका

कॅज्युअल्टीत तो भिंतीला टेकून उकिडवा बसलेला असतो. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, दंडावर पिकलेलं गळू. नशा न मिळाल्याने होणाऱ्या या तडफडीला गर्द घेणारे ‘टर्की’ म्हणतात. ‘गर्दुल्ला आहे, बसू दे,’ असं कुणीतरी म्हणतं आणि त्याचा नंबर मागे मागे जातो. टर्की सोसवेना म्हणून तो ड्रेसिंगआधीच उठून जातो. केसपेपरवर शेरा पडतो, ‘न सांगता गेला’. पुढच्या खेपेला तोच जंतुसंसर्ग हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलेला असू शकतो.

शेरा लिहिणारा डॉक्टर दुष्ट नसतो. त्याला हे कुणी धड शिकवलेलंच नसतं. एमबीबीएसच्या 2019पासूनच्या अभ्यासक्रमात व्यसनविकार आहेत, रुग्णाशी वागण्याबोलण्याचं ‘एटकॉम’ही आहे. पण मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. आणि परीक्षेत हमखास न येणाऱ्या गोष्टीचं आपल्याकडे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. पोर्शन उरकायचा झाला की कात्री लागते ती अशाच तासांना.

हे तास वाचवा! एम्सच्या 2019च्या राष्ट्रीय अहवालानुसार अफूजन्य नशेच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले भारतीय सुमारे 77 लाख आहेत. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? ही माणसं सर्जरीच्या, मेडिसिनच्या ओपीडीतच येणार. तिथल्या डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन माहीत हवं. जिभेखाली विरघळणारी ही गोळी टर्की शमवते, मात्र अंगात गर्द असताना घाईने दिली तर उलट टर्कीच आणते. ‘एक नशा सोडवून दुसरी लावायची’ हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे. तो नुसत्या उपदेशाने जात नाही, गोळीवर सावरलेला, कामावर जाणारा माणूस समोर बसला की जातो. काही आठवडे नशा सुटल्यावर गर्दचा पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो, हेही रुग्णाला बजावायचं असतं. आणि ज्याला आपण हिडीसफिडीस केलं, तो ऐकायला थांबतो कशाला?

2017चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाला आजारातच धरतो आणि उपचारात भेदभावाला मनाई करतो. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात 1986पासून काम चालू आहे, तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच समुपदेशन करताना दिसतात. अशा एखाद्याला वर्गात बोलवायला फार खर्च येत नाही.

अधिष्ठात्यांनो, टाइमटेबलमधले हे तास कापू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने यावर परीक्षेत हमखास प्रश्न ठेवावा. इंटर्न मित्रांनो, तास रद्द झाला तर विभागप्रमुखांकडे लेखी मागा, सगळ्यांच्या सह्या घेऊन.