तारेवरची कसरत आणि हस्तकलेचा तास



आठवीपासून संगीत व हस्तकलेचे तास कमी करून ते गणित-विज्ञानाला द्यावेत, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. विषय विश्वस्त मंडळापुढे येईलच. त्याआधी मला सर्कशीविषयी थोडे सांगायचे आहे.

अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकन तरुण 1919 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झाला. आपल्याला मुलांसाठी हवी असते तीच पदवी! पुढे तो चित्रकलेकडे वळला. 1925 मध्ये एका नियतकालिकासाठी सर्कशीची चित्रे काढायला गेला आणि तिथेच रमला. नंतर पॅरिसमध्ये 1926 ते 1931 या काळात त्याने तार, बुचे, चिंध्या, लाकडाचे तुकडे यांची एक छोटी सर्कस केली. तो स्वतः जमिनीवर बसून तिचे खेळ करी आणि नामांकित चित्रकार ते पाहायला येत. झोक्यावरची बाहुली नेमक्या क्षणी सुटायची, तर वजन, तोल आणि वेग यांचा हिशोब जमायलाच हवा. पुढे वाऱ्याच्या झुळकीने हलणारी त्याची ‘मोबाइल’ शिल्पे प्रसिद्ध झाली, त्यांतही हाच तोल आहे. (विद्यार्थी मित्रहो, हा मोबाइल खिशातला नव्हे.) ती तारेची सर्कस आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जपलेली आहे.

चॅप्लिनचा ‘द सर्कस’ (1928) आणि राज कपूरचा ‘मेरा नाम जोकर’ (1970) सर्वांना ठाऊकच आहेत.

संगीताचे उदाहरण मात्र आपल्या ग्वाल्हेरचेच. विष्णुपंत छत्रे येथे हद्दू खाँसाहेबांकडे गाणे शिकले. घोडे शिकवण्यातही ते निष्णात होते. 1880 मध्ये त्यांनी आपली सर्कस सुरू केली, पण गाण्याला अंतर दिले नाही. गुरुपुत्र रहिमत खाँ विपन्नावस्थेत होते, त्यांना छत्र्यांनी जवळ केले आणि सर्कशीच्या दौऱ्यांबरोबर खाँसाहेबांचे गाणे गावोगावी पोहोचले. ग्वाल्हेरच्या गायकीला तंबूत आसरा मिळाला तो असा.

प्रत्येक मूल काल्डर किंवा छत्रे होणार नाही, मान्य. परंतु फळ्यावरचा गुरुत्वमध्य ज्याला कळत नाही, त्याला तो तार वाकवताना कळतो, हे मी वर्गात पाहिले आहे. दोन्ही विषयांचा आठवड्याला किमान एक तास दहावीपर्यंत राहावा, असे मत मी मंडळाला लेखी देत आहे. पालकांनीही आपले मत बैठकीपूर्वी कार्यालयात आणून द्यावे; विरोधी असले तरी चालेल.

— मुख्याध्यापक