आवाज गेला कुठे?

गेल्या सुट्टीत इंदूरला, तुकोगंजात मावशीकडे उतरलो होतो. काका आजारी, त्यांची झोपमोड नको म्हणून मावशी हेडफोन लावून संगणकावर गाणं ऐकते.

"अरे, जोडलंय म्हणतंय, पण केळस्तिल्ल!" इतक्या वर्षांनीही चिडली की कन्नडच.

लावले होते कुमार गंधर्व. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, १९४८ पासून इंदूरजवळच्या देवासचे झालेले.

हेडफोन जोडणं वेगळं, आवाज तिकडे पाठवणं वेगळं. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून यादी उघडली. आवाज मॉनिटरकडे जात होता, अन् त्याला स्पीकरच नाही! यादीत हेडफोनची नावं दोन. 'हँड्सफ्री' बोलण्यापुरतं; त्यावर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. 'स्टिरिओ' निवडलं.

"आलं का?" विचारलं, तर मावशीने डोळे मिटूनच हाताने गप्प बसवलं.