बाराखडी पाठ, वाचन कच्चे

पहिलीतले मूल भिंतीवरची बाराखडी घडाघडा म्हणते. त्यातल्या मधल्याच 'कि'वर बोट ठेवून विचारले की गप्प. तोंडपाठ झाले, वाचन आले नाही. हा फरक ओळखणारा शिक्षक तयार होतो का, हा प्रश्न आमच्या चोपडे-आगरवाड्याच्या पालकांनीही विचारायला हवा.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षकासाठी बीएड पात्रता चालणार नाही, असा निकाल दिला. २०१८ साली उघडलेले दार बंद झाले. बीएड केलेल्या अनेकांना तो कडू लागला, पण लहान मुलांना शिकवणे ही वेगळी विद्या आहे हे म्हणणे पटते. त्यामुळे दोन वर्षांच्या डीएलएड पदविकेचे, म्हणजे आपल्याकडे पर्वरीच्या डाएटचे, महत्त्व वाढले. तिकडे ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या 'निपुण भारत'चे उद्दिष्ट आहे की २०२६-२७पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे. मुदत आलीच.

देवनागरी सोपी, जसे बोलतो तसे लिहितो, असे आपण सहज म्हणतो. पण 'कि'मधली वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. 'सूर्य'मधला र आधी बोलतो, तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. मूल नेमके इथे अडते, आणि 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खाते.

त्यात पेडण्यातल्या ख्रिस्ती मुलाचे बघा. घरी ते 'न्हंय' म्हणते, मराठी पुस्तकात 'नदी' येते. अक्षरे जुळवली तरी अर्थ लागत नाही. घरात आजीचे प्रार्थनेचे पुस्तक रोमी कोकणीत, तिथे एक्स म्हणजे 'श'. इंग्रजीच्या तासाला तोच एक्स 'बॉक्स'मध्ये 'क्स' होतो. (फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला रोमी लिपीतच छापले होते, तेव्हा ही सरमिसळ काही आजची नव्हे.) मूल मठ्ठ नाही, ते दोन लिप्या आणि तीन भाषा सांभाळते आहे. हे शिक्षिकेला माहीत असले तर ती आधी बोलून घेईल, मग वाचायला लावील. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही मौखिक भाषेला वाचनाइतकेच स्थान आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: भावी शिक्षकाची परीक्षा सुंदर टाचणावर आणि रंगीत तक्त्यांवर होऊ नये. अडखळणारी दोन-तीन मुले त्याच्याकडे सोपवा, वर्षभर त्यांचे वाचन ऐकू दे, कुठे अडतात ते वहीत लिहू दे. आणि हा सराव पणजी-म्हापशाच्या भरलेल्या वर्गांत नको. एकच शिक्षक चारही वर्ग सांभाळतो अशा पेडण्याच्या, डिचोलीच्या सरकारी शाळांत पाठवा. नोकरी बहुधा तिथेच लागणार आहे.

— एक पालक, चोपडे