संक्रांतीनंतर बोलवा

यंदा दिवाळीला आमच्या घराला रंग लागला नाही. आईने हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं, आणि दर वेळी माझ्याकडे बघून सांगितलं.

फ्रीगंजमधलं हे घर आजोबांचं. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, स्वयंपाकघरात भिंतीतली सागवानी कपाटं. त्या कपाटांवर ऑइल पेंटचे किती थर चढलेत ते कुणालाच आठवत नाही. सप्टेंबरात तीन पेंटर बोलावले. तिघांनीही दोन मिनिटं मान वर करून पाहिलं आणि आकडा सांगितला. सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याला काम दिलं. दोन मिनिटांत दिलेल्या एस्टिमेटचं पुढे काय होतं, हे सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. पण घरी आलं की अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर राहते.

पहिल्याच दुपारी मीटिंगमधून उठून आत आलो, तर कपाटाचं दार रेगमालाने कोरडंच घासणं चाललेलं. हिरवट भुकटी ओट्यावर, फरशीवर, पोळ्यांच्या डब्यावर. आमची दोन वर्षांची लेक त्यात बोटाने रेघोट्या काढत होती, आणि तेच बोट तोंडात घालत होती.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत तर ते हमखास घालत, कारण त्याने रंग खुलतो आणि टिकतो. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचा रंग आपल्या दारा-खिडक्यांवर अजून आहेच. तो शाबूत आहे तोवर फारसं बिघडत नाही. घासला की धूळ होते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. मुलांच्या मेंदूला ते बाधतं, आणि अमुक इतकं चालेल अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

काम थांबवलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट येईपर्यंतचे पाच दिवस घरात कोणी रंगाचं नाव काढलं नाही. रिपोर्ट चांगला आला. पेंटरचा हिशेब केला, तो बिचारा म्हणाला, “साहब, सब ऐसे ही करते हैं.” ते खरंही होतं.

मग समोरच्या काकूंनी एक वयस्कर मिस्त्री पाठवले. त्यांनी आधी भिंतीला तळहात लावला, मग विचारलं, “टंकी किधर है?” न्हाणीघराच्या भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत पाण्याचे थेंब. “दीवार अभी गीली है, भैया. टंकी का पाइप सुधरवाओ. संक्रांत के बाद बुलाना.” दसऱ्याच्या तोंडावर हातचं काम सोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आईने मात्र त्यांना आळशी ठरवलं.

जानेवारीअखेर ते आले आणि टेप लावून मोजत बसले. १० बाय १२ची खोली, उंची १० फूट. म्हणजे भिंती ४४० आणि छत १२०, एकूण ५६० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, पुट्टीचे हात किती, सामान कोणाचं, सगळं वहीत उतरवलं. डब्यांतून निघणाऱ्या टोकनचं त्यांनी आपणहून सांगितलं. कंपन्या पेंटरसाठी ती घालतात, म्हणून कधीकधी पेंटर एखाद्याच ब्रँडसाठी अडून बसतो. चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट नको, आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात, असं म्हणून त्यांनी चुन्याचाच हात दिला. भेगांवर नुसती पुट्टी फासली नाही. त्या खरवडून रुंद केल्या आणि लवचीक मसाला भरला. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे घर दरवर्षी थोडं हलतंच.

रंगात शिसं आहेच असं धरून कपाटांची दारं बिजागऱ्यांतून काढून अंगणात नेली. वॉटर पेपरने ओलंच घासलं, चिखल कागदात गोळा केला. झाडू बंद, फक्त ओलं फडकं. लेक आणि तिची आई आठ दिवस इंदूरला मावशीकडे. चौथ्या दिवशी हिरव्याखालून सागवान दिसलं, आणि मी हट्ट धरला की लाखेचं पॉलिशच करायचं, आजोबांच्या वेळचं.

मिस्त्रींनी मान हलवली. लाखेवर गरम भांडं टेकलं, पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात. स्वयंपाकघरात मेलामाइनच करा. आईचं म्हणणं तिसरंच. “सागवान दाखवायला कोण येतंय आत? मला पुसायला सोपं हवं.” शेवटी बाहेरून मेलामाइन, आतून पाण्यात मिसळणारा पांढरा इनॅमल. लाखेचं पॉलिश फक्त देवघराच्या दारांना.

दहा टक्के पैसे पहिला पाऊस झाल्यावर द्यायचे ठरलेत. ही अट मी घालणार होतो, पण त्यांनीच आधी सांगितली. परवा आई फोनवर नागपूरच्या मावशीला त्यांचा नंबर देत होती. वर म्हणाली, “पण घाई करू नकोस हं, ते संक्रांतीनंतरच येतात.”