रिकाम्या चौकाचं चित्र

मामाचा वाडा पुढच्या महिन्यात बिल्डरच्या ताब्यात जाणार, ही बातमी मला फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. खाली सोळा अंगठे आणि दोन रडके चेहरे. मावसभावाने लगेच फर्मान काढलं की ज्याच्याकडे चौकातले जे काही जुने फोटो असतील ते टाका. दीड दिवसात दोनशेच्या वर फोटो आले! मुंज, मंगळागौर, दादाच्या लग्नातली पंगत, आजीचं सहस्रचंद्रदर्शन. सगळीकडे माणसंच माणसं. चौक कुठेच नाही. म्हणजे आहे, पण कुणाच्या तरी खांद्यामागे, कानाच्या पाळीएवढा.

तेव्हा मला सोरोया आठवला.

होआकीन सोरोया. नाव ऐकून रेआल माद्रिदचा मिडफिल्डर वाटेल, पण हा चित्रकार. १८६३ साली व्हॅलेन्सियात जन्मलेला. नेटवर शोधलंत तर आधी समुद्र दिसेल. ऊन, ओली मुलं, वाऱ्यावर उडणारे पांढरेशुभ्र झगे. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत त्याचं प्रदर्शन लागलं, तर महिनाभरात दीड लाखाहून जास्त लोक ते बघून गेले. हिवाळ्यातलं न्यूयॉर्क, आणि भिंतीवर व्हॅलेन्सियाचं ऊन. गर्दी होणारच.

पण मला आवडतो तो दुसरा सोरोया. १९०८ पासून तो सेव्हिल आणि ग्रानादाला जायला लागला. सेव्हिलचा आल्काथार आणि ग्रानादाचा अल्हाम्ब्रा, दोन्ही जुने राजवाडे. तिथे त्याने चौक रंगवले, कारंजी रंगवली, भिंतीवर सरकणारी सावली रंगवली. आणि ह्यातल्या कितीतरी चित्रांत एकसुद्धा माणूस नाही. समुद्रकाठची गर्दी रंगवून नाव कमावलेला माणूस, आणि इथे एक चिटपाखरू नाही!

अल्हाम्ब्रातला कोमारेसचा चौक त्याने पुन्हा पुन्हा रंगवला. त्यातलं १९१७ मधलं एक चित्र माद्रिदच्या सोरोया म्युझियमच्या संग्रहात आहे. चौक चौदाव्या शतकातला, नासरी सुलतानांच्या काळातला. मधोमध सुमारे ३४ मीटर लांबीचा हौद, दोन्ही बाजूंना मर्टलची कापून सारखी केलेली झुडपं (आपल्याकडच्या मेंदीच्या कुंपणाचा रुबाबदार भाऊ समजा), टोकाला नाजूक कमानी आणि त्यांच्या मागे ४५ मीटर उंचीचा बुरूज. हौदात पाणी सोडायची त्यांची युक्ती तर भन्नाट आहे. दोन्ही टोकांना जमिनीलगत बसकी कारंजी आहेत. पाणी तिथून हळूच हौदात उतरतं. पृष्ठभाग हलत नाही. का? तर बुरुजाचं प्रतिबिंब मोडू नये म्हणून. सहा-साडेसहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हा विचार केला होता. १४९२ मध्ये सुलतानाने ग्रानादा सोडलं, राज्य गेलं, प्रतिबिंब मात्र राहिलं.

आता हे रंगवायचं कसं? दगड खरा आणि पाणी खोटं, असं करून चालत नाही. सोरोया इम्प्रेशनिस्टांच्या कंपूतला नव्हता, पण त्यांच्याकडून नेमकं काय उचलायचं ते त्याला कळलं होतं. स्टुडिओत नाही, जागेवर बसून रंगवायचं. झपाझप, कारण ऊन थांबत नाही. आणि सावली काळी नसते. चित्राच्या जवळ जाऊन पाहिलं की पांढऱ्या भिंतीत पांढरा जवळपास नसतोच. साय, गुलाबी, जांभळा, निळा, असलं काहीतरी असतं. चार पावलं मागे या, की दुपार होते. पण मोनेसारखं तो सगळंच धुक्यात विरघळवत नाही. कमान कमानच राहते. त्याने तरुणपणी प्रादोत बसून वेलास्केथच्या नकला केल्या होत्या, तो हात सुटत नाही.

आता त्याच्या कामाचं बघा, म्हणजे हे चौक कुठून आले ते कळेल. १९११ मध्ये हिस्पॅनिक सोसायटीच्या आर्चर हंटिंग्टनने त्याला स्वप्नातली ऑर्डर दिली. स्पेनच्या प्रांतांवर चित्रं करायची, एका अख्ख्या हॉलसाठी. १४ भव्य चित्रं, साडेतीन मीटर उंच, एकापुढे एक लावली तर ७० मीटर भरतील एवढी! १९१२ ते १९१९ तो ह्यासाठी स्पेनभर हिंडला. मिरवणुका, नाचणाऱ्या बायका, बैल, कोळी, बाजार. घरापासून लांब, बायकोला, क्लोतिल्देला, पत्रं लिहीत. ज्यांनी मल्टि-इयर प्रोजेक्ट केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. तो थकत गेला. आणि मधल्या फटीत जिथे सापडेल तिथे तो एखाद्या चौकात जाऊन बसला. तिथे ना क्लायंट, ना गर्दी.

माद्रिदच्या स्वतःच्या घरातही त्याने अंदालुसियाच्या धर्तीवर बाग आणि कारंजी करून घेतली. शेवटच्या वर्षांत तेच रंगवलं. त्यातल्या एका चित्रात झाडांमध्ये वेताची रिकामी खुर्ची आहे. जून १९२० मध्ये ह्याच बागेत एक पोर्ट्रेट करताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ब्रश हातात धरणं जमलं नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. न्यूयॉर्कचा तो हॉल १९२६ मध्ये उघडला. त्याने तो पाहिलाच नाही.

असो. मी रविवारी मामाकडे गेले. एक कबूल करते, ग्रुपवर हळहळणारे आम्ही सगळे लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहतो. पावसाळ्यात माडीवर बादल्या मांडतो तो मामा. वासे कुजलेत, जिना हलतो. त्याला कुठल्या तोंडाने म्हणणार, विकू नकोस?

दुपारी तीनला ओसरीवर बसले. चौकात ऊन तिरकं येतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. शहाबादी फरशी निळसर दिसते. हौद कोरडा, पण तुळशीवृंदावनाची सावली त्याच्या काठावर चढते आणि मग आत पडते. फोन काढला.

"थांब गं, सायकल बाजूला घेतो," मामा म्हणाला.

"नको मामा, राहू दे."

मामी चहा घेऊन आली. "कुणाला तरी उभं कर की तिथे. नुसत्या फरशीचा कसला फोटो?"

"नुसत्या फरशीचाच हवाय मामी."

मामीने मामाकडे पाहिलं. फ्रीलान्स करणाऱ्या मुलींचं असंच असतं, असा काहीसा तो लुक होता. मग तिघंही गप्प बसलो. चहा निवला. सावली हौदातून पलीकडे गेली तोवर मी अकरा फोटो काढले होते. त्यातले नऊ टाकाऊ. मी सोरोया नाही, फोनही बरा नाही.

रात्री एक ग्रुपवर टाकला. मावसभावाने विचारलं, "हा कुणाचा वाडा?"

पंधरा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग मामाचा मेसेज आला. मला एकटीला, ग्रुपवर नाही.

"ह्याची फ्रेम होते का? नव्या हॉलला भिंत एकच मोकळी आहे. टीव्ही दुसरीकडे लावू."